टेबलावरचं तिसरं मंगळसूत्र

वत्सलाबाई खोडेच्या मळ्यात जायचं तर मखमलाबाद मागं टाकून दरी-मातोरीच्या रस्त्याला लागायचं आणि पाटाच्या पुलाशी डावीकडं वळायचं. हंगामात वाट विचारायची गरज पडत नाही, झेंडूचा उग्र वासच माणसाला घेऊन जातो. दोन एकरांचा तुकडा. निम्म्यात झेंडू, निम्म्यात शेवंती, बांधाला निशिगंधाचे चार वाफे आणि कोपऱ्यात पत्र्याचं घर. बांधापलीकडं थोरल्या दिराचं, सावळीरामचं, सिमेंटचं घर. दोन्ही घरांत हाकेचं अंतर, पण गेल्या तीन वर्षांत कामाशिवाय हाक कोणी कोणाला मारली नाही.

बाई चोपन्न वर्षांची. अंगानं किडकिडीत, उन्हानं रापलेली. बोटं मात्र अशी की वेणी करताना दोरा कुठून आला अन् कुठं गेला ते बघणाऱ्याला कळू नये. पंचवटीतल्या फूलबाजारात गिऱ्हाईक "खोडेवहिनीची वेणी हाय का?" असं विचारून घ्यायचं. आता ती बाजारात जात नाही. पहाटे पोती सावळीरामच्या पिकअपमध्ये चढवते आणि गाडीचा लाल दिवा पुलापलीकडं गेला की पायरीवर येऊन बसते. घरात माणसाचा आवाज असावा म्हणून दिवसभर रेडिओ चालू. लासलगावला कांदा काय भावानं गेला, विंचूरला किती आवक झाली, हे तिला तोंडपाठ असतं. मळ्यात कांद्याची एक पात नाही. लेक पल्लवी तिकडं विंचूरलाच दिलेली. ती आठवड्यातून एकदा फोन करते, आणि भाव आईकडूनच ऐकून घेते.

"आई, तू काय व्यापारी हाय का गं?"

"मग काय करू? फुलांचा भाव रेडिओत सांगत नाय."

एवढंच हसणं त्या घरात व्हायचं, तेही फोनवर.

झालं ते तीन वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या आधी पाच दिवस. त्या दिवसांत झेंडूवाल्याला झोप ठाऊक नसते. पहाटे उजाडायच्या आत तिच्या नवऱ्यानं, मोतीरामनं, स्कूटर काढली. पायापाशी झेंडूची गोणी, मागच्या सीटवर वत्सलाबाई, तिच्या मांडीवर वेण्यांची पाटी. पाटी सांडू नये म्हणून दोन्ही हात पाटीला. रस्ता रिकामा होता. मागून मोटरसायकल आली तेव्हा तिला वाटलं, बाजारचीच कोणी पोरं असतील. दोघंही हेल्मेटात. गाडी अगदी लगत आली आणि मागच्याचा हात तिच्या गळ्याशी आला.

साधं दोऱ्यातलं मंगळसूत्र असतं तर तुटून गेलं असतं. पण वर्षापूर्वीच मोतीरामनं ते सोन्याच्या तारेत पक्कं गाठवून आणलं होतं. "आता हत्ती बांधला तरी तुटायचं नाय," असं म्हणून त्यानंच ते तिच्या गळ्यात घातलं होतं. ते तुटायच्या आधी बाई ओढली गेली, बाईबरोबर स्कूटर गेली आणि मोतीरामचं डोकं दुभाजकाच्या दगडावर आपटलं. वेण्या सगळ्या रस्त्यावर. मोतीराम अकरा दिवस दवाखान्यात होता. एकदाही डोळे उघडले नाहीत. दसरा कधी आला अन् कधी गेला, मळ्यातला झेंडू कोणी तोडला की झाडावरच वाळला, तिला काही ठाऊक नाही.

दहाव्याला गोदाकाठी बाया जमल्या. रीतीप्रमाणं बांगड्या उतरवल्या, कुंकू पुसलं. मग एका म्हाताऱ्या चुलतसासूचा हात सवयीनं तिच्या गळ्याशी गेला आणि तिथंच अडखळला. गळ्यात काढायला काही नव्हतंच. तारेनं कापलेला काळानिळा वळ तेवढा होता.

"हिचं तर आधीच काढलंय की," म्हातारी म्हणाली. आणि मागून कोणीतरी हळूच बोललं, "आधी ते गेलं, मग तो गेला."

बोलणारीच्या मनात काही वाईट नसेल. पण वत्सलाबाईच्या डोक्यात ते वाक्य रुतून बसलं. आधी ते, मग तो. मंगळसूत्राला नको तो हात लागला आणि माणूस गेला. आणि आता आपलाही, विधवेचा, हात त्याच जातीचा झाला, असं तिनं धरून टाकलं. गावच्या ग्रामसभेनं पुढं विधवांच्या या चालीरीती बंद करायचा ठराव केला, पंचायतीच्या फळ्यावर तो खडूनं लिहिलाही. पावसाळ्यात फळ्यावर पाणी आलं.

पोलिसांनी चोर मात्र धरला. सनी नावाचा चोविसेक वर्षांचा तरणा माणूस. त्याचा जोडीदार हाती लागला नाही, पण ह्याच्या खोलीत एक मंगळसूत्र सापडलं. आता मालकिणीनं ते ओळखायचं होतं, तेही एकटं समोर ठेवून नाही. त्याच घाटाची पाच-सहा मांडायची, पंचांसमोर तिनं त्यातलं आपलं उचलून दाखवायचं. नवरा जाऊन जेमतेम सतरा दिवस झाले होते. सरकारी कचेरीत ती गेली ती थोरली जाऊ भागुबाई आणि सावळीराम यांच्याबरोबर.

व्हरांड्यात हवालदार घाईत होता. "एक कमी पडू राह्यलंय हो. ह्या वहिनींचं द्या ना दोन मिनिटं. डिट्टो तसंच दिसतंय."

दिसणारच. मोतीराम आणि सावळीराम या दोघा भावांची लग्नं एकाच मांडवात झालेली. दोन्ही मंगळसूत्रं सराफ बाजारात एकाच सोनारानं, एकाच दिवशी घडवलेली. भागुबाई मागं सरकली. "नाय बा. मी नाय काढत."

"दे गं," सावळीराम म्हणाला. "भावासाठी मागतो मी."

तिनं डोळे मिटून काढलं. गळा मोकळा राहू नये म्हणून पदराच्या टोकाला बांधलेला काळा दोरा सोडून गळ्याभोवती गुंडाळला आणि वत्सलाबाईला म्हणाली, "लवकर उरक माय. माझा जीव तिथं टेबलावर ठेवलाय."

आत टेबलावर पांढरं फडकं, फडक्यावर सहा मंगळसूत्रं. वत्सलाबाईला बघता क्षणी कळलं. डावीकडून तिसरं. चुलीवरची आपली कढई बाई जशी दुसऱ्याच्या घरातही ओळखते, तसं. पण मांडणाऱ्यानं घाईत मांडली होती. तिसऱ्याची पोत चौथ्याच्या पोतीवर चढली होती, मण्यांत मणी अडकले होते. आणि चौथं होतं भागुबाईचं.

"उचलून दाखवा, बाई," टेबलामागचे साहेब म्हणाले.

उचललं असतं तर चौथ्याला हात लागल्याशिवाय राहिला नसता. कदाचित ओढून खालीसुद्धा आलं असतं. बाहेर व्हरांड्यात सावळीराम धडधाकट उभा होता, त्याच्या खोकण्याचा आवाज आत येत होता. वत्सलाबाईनं दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले.

"ओळखा. घाबरू नका."

"मला नाय कळत," ती म्हणाली.

साहेबांनी पुन्हा विचारलं. ती पुन्हा तेच म्हणाली. नुसतं बोट दाखवलं असतं तरी भागलं असतं, दोन्ही आधी वेगळी करा म्हणाली असती तरी चाललं असतं. पण हे तिला सांगणारं तिथं कोणी नव्हतं. कागदावर लिहिलं गेलं की फिर्यादी बाईला माल ओळखता आला नाही. तिनं खाली सही केली.

बाहेर आल्यावर भागुबाईनं आधी आपलं मंगळसूत्र गळ्यात घातलं आणि मग तोंड सोडलं. "आंधळी का गं तू? तीस वर्ष गळ्यात घातलं अन् कळत नाय? भाऊजींना मारणारा सुटला बघ आता. तूच सोडवलंस त्याला."

वत्सलाबाईच्या ओठापर्यंत आलं होतं. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? माझ्या हातानं तुझं कुंकू जाईल अशी भीती वाटली, असं? ते नुसतं बोलणं म्हणजेसुद्धा त्या घरात नको ते आणून ठेवणं. ती गप्प राहिली आणि ते गप्प राहणं तीन वर्षं पुरलं. सावळीराम पोती नेत राहिला, विक्रीची पट्टी अन् पैसे आणून देत राहिला. भागुबाईच्या घरी हळदीकुंकू असलं की वेण्या हिच्याकडून जायच्या. वेण्या न्यायला यायची ती त्यांच्या मळ्यातली मजूर बाई.

चोर जामिनावर सुटला. खटला तारखांवर चालला. कोर्टात काय चाललंय हे सांगायला कोणी आलं नाही, आणि आपण होऊन विचारायचं असतं हे हिला माहीत नव्हतं.

मग एके दिवशी गावात कायद्याचं शिबिर झालं. विधी सेवा प्राधिकरणाचे लोक आले होते. वकिलांची भाषणं झाली, चहा झाला, माणसं पांगली. जाजमाची घडी घालायला मागं राहिली ती वत्सलाबाई. दुसरं टोक धरलं होतं एका सावळ्या, गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या बाईनं. ती मनाली. प्राधिकरणाची स्वयंसेविका, वकील नव्हे. गुन्ह्यात पोळलेल्या माणसांना कोर्टाच्या पायऱ्या चढायला सोबत करणं हे तिचं काम.

"ताई, एक इचारू का?" वत्सलाबाई जाजमाच्या टोकावरूनच म्हणाली. "एकदा नाय म्हणून सही केली तर मग झालं ना? परत हो म्हणता येत नाय ना?"

मनालीनं घडी तशीच खाली ठेवली. "कशावर सही केली, मावशी?"

रिकाम्या समाजमंदिरात ती पहिल्यांदा सगळं बोलली. परक्या बाईला सांगणं सोपं गेलं. मनालीनं मध्येच अडवलं नाही, कीव केली नाही, हातही धरला नाही. सगळं झाल्यावर तिनं विचारलं, "तिसरं म्हणालात ना? नक्की?"

"माझ्या डोळ्यापुढून हललं नाय अजून."

"मग ऐका. कचेरीतलं ते ओळखणं म्हणजे शेवटचा शब्द नाही. खरी साक्ष न्यायाधीशांसमोर होणार. तिथं तुम्हाला वस्तू दाखवतील, तिथं ओळखता येईल. पण समोरचा वकील विचारणार, तेव्हा का नाही ओळखलं. त्याचं उत्तर तुम्हालाच द्यायचंय. सगळ्यांसमोर."

"जावेचं नाव घ्यावं लागंल?"

"विचारलं तर घ्यावं लागेल."

पुढच्या दोन महिन्यांत मनाली चारदा मळ्यात आली. सरकारी वकिलाच्या जोडीला मोफत वकील मिळावा म्हणून तिनं अर्ज भरून घेतला. एकदा कोर्ट उठल्यावर सीबीएस स्टँडजवळच्या त्या इमारतीत तिला घेऊन गेली आणि रिकामी खोली दाखवली. इथं तुम्ही उभ्या राहाल. इथं न्यायाधीश. तो तिकडं, मागच्या बाकावर. त्याच्याकडं बघायचं नाही असं काही नाही, बघायचंच असंही काही नाही. पाणी हवं असलं तर मागायचं. प्रश्न कळला नाही तर कळला नाही म्हणायचं. वत्सलाबाई साक्षीच्या कठड्याला हात लावून बघत राहिली. लाकूड हातांनी गुळगुळीत झालेलं होतं.

समन्स आलं जानेवारीतल्या तारखेचं. हवालदार ते घेऊन आधी सावळीरामकडं गेला, म्हणून बांधापलीकडं कळायचं राहिलं नाही. भागुबाई बांधावर येऊन उभी राहिली, अलीकडं आली नाही.

"जाणार का तू?"

"हो."

"आता काय जाऊन करणार? तेव्हा नाय कळलं, आता कळंल? अन् पांढऱ्या कपाळानं भरकोर्टात मंगळसूत्र हातात घ्यायचं. लोक काय म्हणतील, काही हाय का?"

वत्सलाबाई वाफ्यात पाणी सोडत होती. तिनं खोरं चिखलात रोवून ठेवलं. "आक्का, भाऊजींना म्हणावं सोबत चला."

"त्यांना नको ओढू यात. तो मवाली जामिनावर सुटलेला. उद्या गाडीला आडवा आला म्हणजे?"

तेही खोटं नव्हतं. वत्सलाबाईनं पुन्हा खोरं उचललं.

तारखेच्या आदल्या दिवशी मनालीचा फोन आला. सुरगाण्याकडं एका पोरीचं प्रकरण झालं होतं, तिला तिकडं जावं लागत होतं. "मावशी, दुसऱ्या एकीला सांगितलंय. गेटपाशी भेटेल. पण समजा नाहीच भेटली तर जिना तुम्हाला माहीत आहे. पहिला मजला, डावीकडं."

"जा तुम्ही. त्या पोरीला कोण हाय?"

"तिलाही कोणी नाही."

गेटपाशी कोणी भेटलं नाही. वत्सलाबाई अर्धा तास थांबली, मग जिना चढली. बाकावर जागा नव्हती. वकिलांचे काळे कोट इकडून तिकडं, पक्षकारांचे घोळके, कोणाचे डबे, कोणाची भांडणं. प्रत्येकाबरोबर कोणी ना कोणी होतं. बेड्या घालून आणलेल्या माणसाबरोबरसुद्धा दोन पोलीस होते आणि ते त्याच्याशी क्रिकेटवर बोलत होते. ती भिंतीला टेकून उभी राहिली. कोणी विचारलंच तर सांगायला असावं म्हणून केसचा नंबर मनात घोकत राहिली. पण विचारलं नाही कोणी. अकरा वाजता उभी राहिलेली बाई, तिच्या नावाचा पुकारा झाला तेव्हा तीन वाजून गेले होते.

आत गेल्यावर पहिल्यांदा दिसला तो सनी. मागच्या बाकावर कोपर खाजवत बसला होता. तिला वाटलं होतं त्याहून बारीक. त्याचा चेहरा तिनं त्या दिवशी पाहिलाच नव्हता, त्यामुळं रागाला धरायला काही सापडेना. शपथ झाली. सरकारी वकील बाईंनी सावकाश एकेक विचारलं. पहाट, पाटी, हेल्मेट, दगड. ती सांगत गेली. मोतीरामच्या डोक्याखाली वेण्यांची पाटी उपडी करून घातली होती हे सांगताना मध्येच थांबून तिनं पाणी मागितलं. मागायचं असतं हे तिला माहीत होतं.

मग लाखेची सीलं लावलेलं पाकीट फोडलं. आतून निघालं ते एकटंच होतं. शेजारी दुसरं काही नाही. शिपायानं ते पुठ्ठ्यावर ठेवून तिच्यासमोर धरलं. तिनं एकवार न्यायाधीशांकडं पाहिलं आणि उचललं. हातात घेतल्यावर ते तिला फार हलकं वाटलं.

"हे माझं हाय."

"कशावरून म्हणता?"

"उजव्या वाटीला पोचा हाय. माझ्या दाताचा. वेण्या करताना दोन्ही हात गुंतलेले असतात साहेब, मंगळसूत्र फुलांत लोंबतं. मग मी वाटी दातात धरायचे. तीस वर्ष." मोतीराम त्यावरून चिडवायचा, भूक लागली तर भाकर खा की, सोनं कशाला चावते. ते मात्र तिनं सांगितलं नाही. ते कागदावर जायला नको होतं.

आरोपीचा वकील उठला. आवाज मऊ. "बाई, अशा वाट्यांना पोचे सगळ्यांच्याच पडतात."

"पडत असतील. माझ्या वाटीला वरून एक अन् खालून एक हाय. वरचा लांबट हाय, कारण माझा हा दात वाकडा हाय." तिनं ओठ वर करून दात दाखवला. मागं कोणीतरी हसलं. न्यायाधीशांनी वाटी मागून घेतली, चष्मा कपाळावर चढवला, खिडकीच्या उजेडात वाटी वर-खाली फिरवली आणि परत दिली.

"बरं. तीन वर्षांपूर्वी हेच तुमच्यासमोर ठेवलं होतं. तेव्हा तुम्ही म्हणालात, मला कळत नाही. सही तुमचीच ना? मग तेव्हा खोटं बोललात, की आज खोटं बोलताय?"

तिनं मंगळसूत्र पुठ्ठ्यावर परत ठेवलं.

"तेव्हा."

वकील समाधानानं खाली बसला. त्याला पुढचं काही नको होतं. पण न्यायाधीशांनीच मान वर केली. "का खोटं बोललात?"

वत्सलाबाईनं कठडा धरला. सांगायला सुरुवात केली तेव्हा ती न्यायाधीशांना सांगत होती. थोड्या वेळानं कोणाला सांगतेय ते तिचं तिलाच कळेना. चौथं मंगळसूत्र. अडकलेले मणी. बाहेर खोकणारा दीर. गोदाकाठी ऐकलेलं वाक्य. "माझा हात लागून त्याचं काही झालं असतं तर मी कुठं गेले असते साहेब? एक माणूस गेलाच होता. दुसरा नको म्हणलं."

"असं होतं असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

तिनं विचार केला. "सांगत कोणी नाय. ठाऊकच असतं."

न्यायाधीश टंकलेखकाला मजकूर सांगू लागले. शेजारी साक्षीदाराच्या जावेचे मंगळसूत्र ठेवलेले होते, साक्षीदार नुकतीच विधवा झाल्याने त्यास स्पर्श करणे तिला अशुभ वाटले, म्हणून तिने ओळख सांगितली नाही. जावेचं नाव विचारलं. तिनं सांगितलं, भागुबाई सावळीराम खोडे. तीन वर्षं छातीत घेऊन फिरलेली गोष्ट चार ओळींत मावली. तिनं प्रत्येक पानावर सही केली आणि मंगळसूत्र पुन्हा पाकिटात जाताना बघितलं.

संध्याकाळी बसमधून उतरून ती पुलावरून चालत आली. बांधापलीकडं भागुबाई अंगणात होती. काय झालं असं तिनं विचारलं नाही, आणि हिनं आपण होऊन सांगितलं नाही. घरात आली, कुलूप काढलं, दुसऱ्या दिवशीच्या वेण्यांसाठी फुलं निवडायला बसली. मनालीचा फोन आला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "झालं ताई. हात लावला मी."

निकाल लागला ऐन लगीनसराईत. मनालीनंच कळवलं. शिक्षा झाली होती, सात वर्षं. न्यायाधीशांनी निकालात लिहिलं होतं की, या बाईचं त्या वेळचं न बोलणं तिच्या आजच्या बोलण्याइतकंच विश्वास ठेवण्याजोगं आहे. मनालीनं ते वाक्य दोनदा वाचून दाखवलं. वत्सलाबाईला मोतीरामला सांगावंसं वाटलं, आणि मग तिथंच पाण्याच्या टाकीपाशी ती बराच वेळ उभी राहिली. सात वर्षं म्हणजे किती, याचा तिला अंदाज करता येईना. तीन वर्षं केवढी मोठी असतात हे ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बोटभर बातमी आली. नाव नव्हतं, पण जावेचं मंगळसूत्र, फुलांचा मळा, वाकडा दात सगळं होतं. सावळीरामनं ती चहाच्या वेळी मोठ्यानं वाचली असावी. कारण दुपारी भागुबाई बांध ओलांडून आली. हातात पेपर. तीन वर्षांत पहिल्यांदा या अंगणात आली होती.

"हे खरं हाय?"

"हो, आक्का."

"माझ्यामुळं?"

"तुझ्यामुळं नाय. माझ्या हातामुळं."

भागुबाई पायरीवर टेकली. फुलांच्या ढिगाकडं बघत म्हणाली, "अन् मी तुला काय काय बोलले. गावभर बोलले." मग एकदम भडकली. "पण तू तोंडात काय धरलं होतंस गं? मला म्हणायचं ना तेव्हाच! बाहेर येऊन नुसतं इचारायचं. मी म्हणले असते, लाव हात, काय होतंय त्यानं?"

वत्सलाबाईची बोटं दोऱ्यावर थांबली. आवाजात टोमणा नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"म्हणली असतीस?" तिनं विचारलं.

भागुबाईनं तोंड उघडलं. तिचा हात आपसूक गळ्याशी गेला होता, मुठीत वाट्या धरल्या होत्या. तो तिथं आहे हे तिला उशिरा कळलं, आणि वत्सलाबाईला कळलंय हेही कळलं. रेडिओवर कोणीतरी टोमॅटोच्या रोगाची माहिती देत होतं.

"नाय," भागुबाई शेवटी म्हणाली. "नसते म्हणले."

"मंग झालं तर."

भागुबाईनं डोळ्याला पदर लावला, नाक पुसलं. पेपराची घडी घातली, उलगडली, परत घातली. मग चाचरत म्हणाली, "ते कोर्टातून कधी मिळणार हाय?"

"अपिलाची मुदत संपली की. मनालीताई कळवणार हाय."

"मी येते बरोबर. एकटी नको जाऊ या खेपेला."

वत्सलाबाईनं वेणीची गाठ मारली, उरलेला दोरा दातानं तोडला. पिकअपमध्ये पुढं तिघं बसतील, सावळीराम, भागुबाई आणि आपण, आणि आपल्या मांडीवर ते पाकीट, भागुबाईच्या मंगळसूत्राला लागूनच. तिला ते चित्र नीट दिसलं.

"नको आक्का," ती म्हणाली. "येताना ते माझ्या हातात असंल."

भागुबाईनं आग्रह केला नाही. उठली आणि बांध ओलांडून आपल्या घरी गेली.